आयरिसची पाठमोरी पाटी

तुम्ही विचारणार हे मला माहीतच होतं. फाटकातून आत येणारा प्रत्येक जण विचारतो. दूधवाला विचारतो, कुरिअरवाला विचारतो, परवा विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा म्हणाला, "काका, तुमची पाटी उलटी लागलीय. रस्त्यावरून मागचा नुसता पत्रा दिसतो."

पाटी उलटी लागलेली नाही. जिथून वाचायची तिथून ती अगदी सरळ दिसते. पण ती तशी का लावली हे सांगायचं, तर मला माझीच फजिती तुमच्यापुढे मांडून ठेवावी लागेल. बसा. चहा होतोय. बिनसाखरेचा आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता मी कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. मोसमी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, कोरडं हवामान, थंड हवामान, कुठलं पीक कुठं येतं. झोपेत उठवलंत तरी फळ्यावर नकाशा काढीन. शिवाय मूळ गाव देवळ्याकडचं, घरी पिढ्यान्‌पिढ्या कांद्याची शेती. म्हणजे डोक्यात भूगोल आणि हातात माती. अशा माणसाला एक साधं झाड लावता येऊ नये? तेच तर सांगतोय.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी शालिनीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला बरं पडावं म्हणून आम्ही बाथरूम फोडून नवं केलं. धरायला दांडे बसवले, उंच कमोड बसवला. त्या कामातली उरलेली वाळू आणि विटांचे तुकडे यांचा एक ढीग फाटकाजवळ कंपाउंडच्या भिंतीला लागून पडला. "तो ढीग उचला," असं ती मला रोज सांगायची आणि मी रोज "उद्या" म्हणायचो. हा ढीग लक्षात ठेवा. गोष्टीत त्याचं काम आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत फिरायला लागाल. पण चार महिने झाले तरी ही खुर्चीतून उठेना. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी समजावून दमली, मीही दमलो. काठी भिंतीला टेकवलेली आणि ही इथं व्हरांड्यात, आत्ता तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. दिवसभर रस्त्याकडे बघत बसायची. फाटक इथून वीस पावलांवर आहे. तिथवरसुद्धा जायची नाही. "पडले तर?" एवढंच म्हणायची.

एक दिवस आपणहून बोलली. "अहो, कुलूला बघितलेलं ते फूल आठवतं का?"

मला कुलूचं एवढंच आठवत होतं, की माझं पोट बिघडलं होतं. पण नवरा म्हणून मी म्हणालो, "हो, म्हणजे काय."

"दगडी भिंतीशी होतं. जांभळं. खालच्या पाकळ्यांवर दाढी होती बघा."

"फुलाला दाढी?"

"आयरिस म्हणतात. तिथल्या बाईनं सांगितलं होतं. मला ते एकदा इथं बघायचंय. या खुर्चीतून."

हे म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. या बाईनं लग्न झाल्यापासून माझ्याकडे मागून घेतलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एक कुकरची शिट्टी होती. मला फार वाईट वाटलं. त्या भरात मी म्हणून गेलो, "होळीच्या आत या खुर्चीतून तुला ते फूल दाखवतो. माझा शब्द."

शब्द दिला आणि मोबाइल घेऊन बसलो. कुलूकडची एक नर्सरी सापडली. आयरिसचे गड्डे टपालानं पाठवतात. गड्डे म्हणजे आल्याचे किंवा हळदीचे असतात तसेच, जमिनीखालचं खोड. आता जांभळा रंग निवडायचा, तर त्या जांभळ्याच्याच इतक्या छटा, की लग्नाचा बस्ता बरा. दोन दिवस ही एकेक फोटो डोळ्यांशी धरून बघत होती. "हा नाही. हा जरा जास्त निळा. हा वांग्यासारखा." शेवटी एक ठरला. सहा गड्डे मागवले.

दहा दिवसांनी खोकं आलं. उघडलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुंठ. खरंच सांगतो, सुंठच. सुरकुतलेली, मुळं छाटलेली, वर बोटभर पात, तीही कात्रीनं पंख्यासारखी कापलेली. मी ताबडतोब नर्सरीवाल्याला फोन लावला. माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे.

"भाईसाब, आपका माल तो पूरा सूख गया है."

"सूखा नहीं है सर, सोया है."

"मग जागा कैसे होगा?"

"आप कुछ मत करना सर. पीठ धूप में, पेट मिट्टी में. इतना याद रखना. और पानी बहुत कम. ये पानी से ही मरता है."

हेच सगळं त्यानं एका चिठ्ठीवरही लिहून पाठवलं होतं. गड्डा अर्धा उघडा ठेवा, पाठीवर ऊन पडू द्या, निचरा होणारी जमीन हवी, पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही थोडं. शालिनीनं चष्मा लावून ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"पाणी कमी घालायचं म्हणतोय हो."

"अगं, तो कुलूत बसून म्हणतोय," मी म्हणालो. आणि मग, काय सांगू, माझ्यातला मास्तर जागा झाला. खोक्याच्याच पुठ्ठ्यावर मी तिला नकाशा काढून दाखवला. हा हिमालय. इथं बर्फ पडतं, बर्फ वितळतं, जमीन सदा ओली. तिथल्या माणसानं पाणी कमी सांगणं बरोबरच आहे. आता हे नाशिक. कोरडी हवा, कडक ऊन. म्हणजे तिथं जे कमी, ते इथं जास्त करायला हवं की नको?

"तसं असतं का?" ती म्हणाली.

"शालू, बत्तीस वर्षं."

चिठ्ठी घडी करून तिनं चष्म्याच्या डबीत ठेवली. मला वाटलं, पटलं.

खोक्यात सहाऐवजी सात गड्डे निघाले. एक त्या भल्या माणसानं आपल्याकडून जास्तीचा टाकला होता. पण तो सातवा इतका वाळका होता, की पात पण नव्हती त्याला. "हा मेलेलाच आहे," असं म्हणून मी तो इथूनच भिरकावला. जाऊन पडला त्या वाळूविटांच्या ढिगावर.

उरलेल्या सहांची मी काय बडदास्त ठेवली म्हणता. ते तिकडं नळ दिसतोय, त्याच्या शेजारी वाफा खणला. खुर्चीतून समोर दिसेल असा. शेणखत घातलं. प्रत्येकाला आळं केलं. आता त्यांची पाठ उघडी ठेवायची, तर मला ते बघवेना. घरच्या कांद्याला कधी ऊन लागू दिलं नाही आम्ही, काढून ठेवला तरी वरून पातीनं झाकायचा. इथं मुळं छाटलेलं एवढंसं लेकरू, आणि त्याला ऑक्टोबरच्या उन्हात उघडं टाकायचं? मी मऊ माती चाळून चांगली चार बोटं पांघरूण घातलं. आणि पाणी सोडलं. सकाळ-संध्याकाळ.

हसू नका. आमच्या देवळ्याकडे पाणी म्हणजे माया. दारात माणूस आला की आधी पाणी, बैल शेतातून आला की आधी पाणी. रोपाला पाणी मिळालं नाही, तर आमचे वडील स्वतः जेवायला बसायचे नाहीत. अशा घरात वाढलेल्या माणसाला कोणी सांगितलं की बाबा, याला तहानलेलं ठेव, यातच याचं भलं आहे, तर ते त्याच्या हातून होईल का? नाही होणार. माझ्या हातून तरी नाही झालं.

त्यात आप्पाचा फोन आला. आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावी शेती बघतो. मी मोठ्या कौतुकानं त्याला व्हिडिओवर वाफा दाखवला. तोपर्यंत पात वीतभर वर आली होती, सरळ तलवारीसारखी.

"आरं, हे तं वेखंड हाय," आप्पा म्हणाला.

"वेखंड नाही आप्पा, आयरिस. कुलूहून मागवलंय."

"मंग कुलूचं वेखंड. आपल्या मोरीच्या पाण्यावर नव्हतं का? आईनं लावलेलं. अशीच पात. त्याला लय पाणी लागतंय बघ. चिखलातच राहतंय ते."

आणि मला सगळं आठवलं. मागच्या दारी न्हाणीचं पाणी जायचं, तिथं सदा चिखल, आणि त्या चिखलात हीच पात कमरेएवढी वाढलेली. घरात तान्हं मूल आलं की आई त्यातलाच गड्डा काढून वाळवून ठेवायची. पात तीच, गड्डा तोच. म्हणजे माझं शास्त्र बरोबर होतं तर. नर्सरीवाल्याला आपलं झाड कळलं नव्हतं, ते देवळ्याच्या माणसाला मोबाइलवर कळलं. मी तिसरं पाणी सुरू केलं. दुपारचं.

दिवाळीत शालिनीला आमच्या मुलीनं आठ दिवस पुण्याला नेलं. जाताना ही गाडीत बसली, काच खाली केली आणि एवढंच म्हणाली, "पाण्याचं बघा जरा." मी म्हणालो, "तू काळजीच करू नको."

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी वास आला. आधी वाटलं गटार तुंबलं. मग वाटलं उंदीर मेला. वासाचा माग काढत वाफ्यापाशी आलो. एका पातीला नुसता हात लावला, तर ती अख्खी हातात आली, खाली काही नाहीच. बोटं मातीत घातली तर गड्ड्याच्या जागी लापशी. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाचव्यापर्यंत मला आशा होती. सहावा मी नुसता बघून सोडून दिला.

तिथंच वाफ्याच्या कडेला बसून राहिलो. झाडाचं दुःख नव्हतं हो. पाच दिवसांनी ती या खुर्चीत येऊन बसणार, समोर बघणार, आणि मी काय सांगणार? तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी प्रेमानं कुजवली होती.

नर्सरीवाल्याला फोन केला. तो पहिलं वाक्य बोलला, "पानी दिया ना सर?" मी म्हणालो, "थोडा दिया." तो म्हणाला, "अब तो सीज़न गया. अगले साल." आणि पुढे असं काही हळू आवाजात बोलला, की जणू माझ्याच घरी कोणी गेलंय.

खरं सांगून मोकळं व्हायचं, तर तेवढी अक्कल त्या दिवशी नव्हती. डोक्यात दुसरंच आलं. पात तीच ना? मग गेलो. सकाळची एसटी पकडली आणि देवळा गाठलं.

"सडलं?" आप्पा डोळे मोठे करून म्हणाला. "वेखंड सडतं का कधी? आरं, ते पुरातबी सडत नाय."

"आप्पा, ते वेखंड नव्हतं."

"मी तं आधीच म्हणलो असतो, पण तू इतकं खात्रीनं दाखवत हुता."

मोरीपाठच्या चिखलातून आम्ही वेखंडाचे सहा गड्डे काढले. ते ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, नाशिकला आणले. त्याच सहा खड्ड्यांत लावले. लावण्याआधी पात कात्रीनं पंख्यासारखी कापली, नर्सरीवाला कापतो तशी. बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, त्याचा कुठंतरी उपयोग झाला म्हणायचा.

शालिनी परत आली. खुर्चीत बसली. बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिली. माझं पाणी पाणी झालं होतं.

"चांगली तरारली की."

"मेहनत आहे," मी म्हणालो. जीभही अडखळली नाही.

"एक पात आणा बरं इकडे. छोटीशी."

आणून दिली. तिनं ती बोटांत चुरली, नाकाशी नेली, आणि पदराला हात पुसले. "छान," म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी मात्र रोज घालत जा हं. कमी पडू देऊ नका."

ऐकलंत? जी बाई चिठ्ठी वाचून मला पाणी कमी घाला म्हणत होती, ती आता पाणी घाला म्हणत होती. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. उशिरा का होईना, भूगोल पटला. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा सकाळ-दुपार-संध्याकाळ. वेखंडच ते, पाणी पिऊन माजलं.

आणि आणखी एक चमत्कार झाला. ही चालायला लागली. पहिल्या दिवशी काठी घेऊन पायरीपर्यंत. मग तुळशीपर्यंत. डिसेंबरात एके सकाळी बघतो तर फाटकापर्यंत. तिथं जाऊन भिंतीला हात टेकवून थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. रोज. मी सगळ्यांना सांगत सुटलो, की हिरवळीचा परिणाम बघा, माझ्या बागेनं बायको चालती केली. त्या फाटकाजवळच्या ढिगाबद्दलही तिनं दिवाळीपासून अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं, सांगून सांगून दमली.

ढिगावर दोन-चार पाती उगवलेल्या मी एकदा पाहिल्या होत्या. म्हटलं, वेखंडाचा एखादा तुकडा पडला असेल. पाइप ओढला, तर पाइप तिथवर पोचेना. कंटाळा केला आणि सोडून दिलं. आयुष्यात कंटाळ्यानं इतकं भलं कधी केलं नसेल.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला घरात बायकांची गर्दी. शालिनी काठी न घेता उभी, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटत होतं. मी आत चहाचे कप भरत होतो, पण बाहेर माझ्या वाफ्याचं कौतुक चाललेलं ऐकलं आणि राहवलं नाही. गेलो. आणि सुरू झालो. हिमालयातलं झाड, कोरड्या हवेत आणून वाढवणं किती अवघड, पाण्याचं गणित कसं सांभाळावं लागतं. शेजारच्या देवरे वहिनी मान डोलवत होत्या. त्यांच्या सासूबाई, चांगल्या ऐंशीच्या, वाफ्याशी वाकल्या आणि त्यांनी एक पात मोडली. नाकाशी नेली.

"मास्तर, हे तर वेखंड आहे."

कपबशा वाजायच्या थांबल्या.

"तसंच दिसतं ते, आजी," मी म्हणालो. "जात वेगळी आहे."

"दिसायचं राहू दे. वास घे. आठ पोरं वाढवली मी यावर. मला कोण शिकवतंय?"

पात हातोहात फिरली. प्रत्येकीनं वास घेतला आणि प्रत्येकीनं माझ्याकडे बघितलं. मी शालिनीकडे बघितलं. आता ही सगळ्यांदेखत काय म्हणते? तर ही शांतपणे म्हणाली, "हो, वेखंडच आहे. यांनी मुद्दाम गावाहून आणलंय. या वर्षी वाण म्हणून तेच द्यायचं ठरवलंय. अहो, काढता ना?"

कुदळ घेऊन मी वाफ्यात उतरलो, नव्या पांढऱ्या झब्ब्यात. हळद, कुंकू, तिळगूळ आणि वेखंडाचा एकेक तुकडा. जाताना प्रत्येक बाई मला "छान वाण" म्हणून गेली. संध्याकाळी वाफा मोकळा होता आणि मी पायरीवर बसलो होतो, गुडघ्यापर्यंत चिखलात.

मग मी सगळं सांगितलं. लापशी, वास, एसटी, पोतं, कात्री. काही लपवलं नाही. "माझं चुकलं, शालू," म्हणालो. "तुला खुर्चीतून फूल दाखवायचं होतं, ते जमलं नाही. पुढच्या वर्षी बघू."

तिनं माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "पाय धुऊन या. आणि पाणी तिकडे न्हाणीतच वापरा, बागेत नको."

मला वाटलं, रागावली आहे. वाटणारच.

होळीला आठवडा राहिला होता. सकाळी ही फाटकाशी गेली आणि तिथूनच हाक मारली, "अहो, इकडे या." आवाज असा, की मी एका पायात चप्पल घालून धावलो. म्हटलं पडली.

पडली नव्हती. ताठ उभी होती, काठी हातात नाही. आणि तिच्यासमोर त्या वाळूविटांच्या ढिगावर एक दांडा उभा होता, आणि दांड्यावर ते फूल. जांभळं. वरच्या तीन पाकळ्या उभ्या, खालच्या तीन ओघळलेल्या, आणि त्यांच्यावर पिवळी दाढी. खाली वाळूतून गड्ड्याची सुरकुतलेली पाठ उघडी, उन्हात तापत पडलेली.

तो सातवा. मी मेलेला म्हणून फेकलेला.

"पार्सल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडईत गेला होतात," ती म्हणाली. "काठी घेऊन आले कशीबशी. तो उलटा पडला होता. सरळ करून नुसता दाबला. पोट मातीत, पाठ वर. चिठ्ठीत लिहिलं होतं तसं."

"आणि रोज फाटकापर्यंत चालत यायचीस ती?"

"याला बघायला. बसून दिसायचं नाही ना तिथून."

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. म्हणालो, "पण तुला तर खुर्चीतून बघायचं होतं."

"आता कशाला खुर्ची? चालता येतंय की."

मग मला ते सुचलं. "म्हणजे त्या पातीचा वास घेतलास, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"दोन पोरं वाढवली मी, अहो. वेखंडाचा वास कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? वर आणखी म्हणालीस, रोज पाणी घाला."

तिनं फुलावरून नजर काढली नाही. "तुम्हाला पाणी घालायला काहीतरी हवंच होतं. तुम्ही तिकडे पाणी घालत होतात, तोवर इकडे हे जिवंत होतं. वेखंड काढावं लागलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता."

मला भरून आलं होतं. इतकं भरून आलं होतं, की काय करावं ते कळेना, आणि आमच्याकडे भरून आलं की माणूस एकच गोष्ट करतो. मी वळलो, नळाशी गेलो, बादली भरली आणि घेऊन निघालो.

तिनं मला अर्ध्या वाटेवर अडवलं. पळत आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पळाली.

त्याच दुपारी तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा सरळ केला, खिडक्यांना लावून उरलेला रंग काढला आणि ही पाटी रंगवून ढिगावर फुलाशेजारी रोवली. लोकांना वाटतं रस्त्यावरच्यांसाठी आहे. रस्त्यावरचे कशाला येतील पाणी घालायला? ती वाचता येते फक्त नळापासून. कप ठेवायला तिकडे जाल तेव्हा वाचा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'पाणी घालू नये.' आणि खाली, बारीक अक्षरांत, 'अहो, तुम्हालाच.'